पेनड्राइव्ह हवा होता लहान आणि स्वस्त: एका गावच्या वाचनालयातलं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूरहून एसटीनं तासाभरावर असलेल्या एका गावातलं हे वाचनालय. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, बाकी घडलं तसं सांगतो. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेत, त्यात हे 'ड' वर्गातलं. अनुदानही त्याच मापाचं. दोन खोल्या, वर पत्रे, एक ग्रंथपाल सर आणि झाडलोटीपासून वर्तमानपत्रं लावण्यापर्यंत सगळं बघणारे एक मामा.

पुण्यात नोकरीला असलेल्या एका गावकऱ्यानं दोन वर्षांपूर्वी 32 इंची टीव्ही आणि सोबत एक अँड्रॉइड बॉक्स भेट दिला. बॉक्स साधाच. ॲमलॉजिकची एस905एक्स चिप, 2 जीबी रॅम, 16 जीबी साठवण. त्यावरचं अँड्रॉइड जुनं झालेलं, सुरू व्हायलाच दोन-तीन मिनिटं घ्यायचं. त्यातून मुलांच्या हाती रिमोट गेला की पाचव्या मिनिटाला भलतंच काहीतरी चालू. मग गावातल्याच इंजिनिअरिंगच्या एका पोरानं शक्कल लढवली. त्यानं कोअरइलेक नावाची लिनक्सवर चालणारी फुकट प्रणाली एका पेनड्राइव्हवर टाकली आणि बॉक्स त्यावरून सुरू करायला लावला. या प्रणालीत कोडी एवढा एकच मीडिया प्लेअर असतो. जाहिराती नाहीत, दुकानं नाहीत, नुसती फिल्मांची यादी.

यातली चांगली बाब अशी की मूळ अँड्रॉइडला हात लागत नाही. पेनड्राइव्ह लावलेला असला की बॉक्स कोडी होतो, काढला की परत अँड्रॉइड. अशा बऱ्याच बॉक्सांत पहिल्या वेळी एव्हीच्या, म्हणजे जुन्या टीव्हीची वायर लावायच्या, भोकात दात कोरायची काडी घालून आतलं बटण दाबून धरावं लागतं, मग पुढं तो आपणहून पेनड्राइव्ह शोधतो. फिल्मा सगळ्या वेगळ्या, 500 जीबीच्या एका जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर. शाळेच्या धड्यांचे व्हिडिओ, गावातल्या एका म्हाताऱ्या भारुडकाराची लग्नाच्या कॅमेऱ्यावर केलेली चौदा रेकॉर्डिंगं, सप्ताहातली कीर्तनं. भारुडं ऐकायला बायका संध्याकाळी डबे घेऊन येऊन बसतात, असं सर सांगायचे. मी ते नंतर पाहिलं.

माझं लातुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वाचनालयाचा प्रिंटर माझ्याकडेच येतो, त्या ओळखीवर हे काम आलं.

अडचण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सरांचा फोन. "भाऊ, टीव्हीवर परत त्या जाहिरातीच दिसूलालेत बगा."

जाऊन पाहिलं. टीव्ही चोरीला जाऊ नये म्हणून भिंतीवर लोखंडी गजांच्या कपाटात बसवलेला. बॉक्सही त्यातच, टीव्हीच्या बाजूला, रिमोट दिसावा म्हणून तोंड पुढं करून स्क्रूनं आवळलेला. त्याची यूएसबीची दोन्ही भोकं गजांच्या बाजूला. पेनड्राइव्ह नेहमीच्या लांबीचा, त्यामुळं तो दोन गजांमधून बोटभर बाहेर डोकावत राहायचा. मामा म्हणाले, "पोरगं पळत गेलं, दप्तर आडकलं अन् हे मोडलं." पत्र्याचं तोंड वाकून मागची सर्किटची हिरवी पट्टी उघडी पडली होती. ज्यानं हे सगळं बसवलं होतं तो पोरगा आता पुण्यात, रात्रपाळीला.

2 मेपासून उन्हाळी शिबिर होतं. समितीनं तोंडी मंजूर केलेली रक्कम 500 रुपये, त्यातच सगळं बसवायचं. बिल पक्कं असावं, ही सरांची अट. आणि पेनड्राइव्ह गजांच्या आत राहावा, ही माझी. सरांच्या टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन मोजलं. भोकापासून गजापर्यंत 28 मिलीमीटर.

ते 28 लिहून घेतलं आणि तिथंच माझं डोकं अडकलं. त्याच्याकडे पुढं येतोच.

किती जीबी, किती वेग

दुकानात कुणीही पेनड्राइव्ह मागितला की पहिला प्रश्न "किती जीबीचा?" हाच असतो. इथं त्या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता, पण मीही तोच विचारत फिरलो. हिशोब खरं तर सोपा. प्रणालीची फाइल उलगडल्यावर अर्ध्या जीबीच्या आसपास. वर पोस्टरं, यादीचा डेटाबेस, सेटिंग्ज धरल्या तरी या वाचनालयातला वर्षभराचा पसारा दोन जीबीच्या आत होता. मोडलेला पेनड्राइव्ह तारा लावून कसाबसा वाचला तेव्हा हे कळलं. फिल्मा हार्ड डिस्कवर असल्यानं 8 जीबी म्हणजे चैन.

वेगाचंही तेच. फुल एचडी व्हिडिओला साधारण 10 मेगाबिट लागतात, म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट, आणि तेही हार्ड डिस्कवरून. बॉक्सची भोकं यूएसबी 2.0 ची, कारण ही चिपच तेवढी देते. त्यामुळं 3.0 चा महागडा पेनड्राइव्ह घेऊन त्याचा वेग इथं मिळणारच नव्हता. पेनड्राइव्हला खरं काम पडतं ते बारीक बारीक नोंदी लिहिण्याचं: कुठली फिल्म कुठपर्यंत पाहिली, कुठल्या फोल्डरचं चित्र कोणतं. आणि त्यात स्वस्त पेनड्राइव्ह सगळ्यात आधी धाप टाकतात. खोक्यावर छापलेला वेग मोठी फाइल वाचण्याचा असतो, या बारीक लिहिण्याबद्दल खोका काही बोलत नाही.

पर्याय

टीव्हीलाच हार्ड डिस्क लावावी, असं समितीतल्या एकांनी सुचवलं. लावून पाहिली. निम्म्या फिल्मांना आवाज नाही, देवनागरी नावांच्या जागी नुसत्या चौकटी. (कोडीतही देवनागरी पूर्ण सुखी नव्हती. त्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसायची. म्हणून त्या पोरानं फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवून पोस्टरांवर मराठी नावं छापली होती. हुशार पोरगा.)

बॉक्सला मेमरी कार्डाची खाच होती. कोअरइलेक कार्डावरूनही चालतं आणि कार्ड पूर्ण आत बसतं, तेव्हा प्रश्नच मिटला असता. पण खाचेतली स्प्रिंग गेलेली, कार्ड बसतच नव्हतं. अँड्रॉइड पुसून प्रणाली थेट बॉक्सच्या आतच टाकायची, हाही मार्ग असतो. तो मी घेतला नाही. चूक झाली तर बॉक्स गेला, आणि भेट मिळालेली वस्तू मी बिघडवली असं गावात वर्षभर ऐकावं लागलं असतं.

उरले तीन. नखाएवढा बिननावाचा पेनड्राइव्ह, नखाएवढा कंपनीचा पेनड्राइव्ह, किंवा नखाएवढा कार्ड रीडर घेऊन त्यात मोबाइलचं जुनं कार्ड.

पहिला निर्णय: 180 रुपयांचा 64 जीबी

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या दोन-तीन रस्त्यांवर मोबाइलचं सामान. कंपनीचे नखाएवढे पेनड्राइव्ह चौकशी केली तिथं 32 जीबीपासून पुढंच, किंमत चारशेच्या वर. आणि एका हातगाडीवर बिननावाचा, चांदीसारखा चकाकणारा, गजाच्या आत सहज मावेल असा 64 जीबी. 180 रुपये.

मी वीस वर्षं या धंद्यात आहे. 64 जीबी 180 ला येत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. मनाशी म्हटलं, खोटा असला तरी 8 जीबी तर असेलच की, आणि मला लागतातच दोन. या हिशोबात एक भोक होतं, ते त्या वेळी दिसलं नाही. बिल मागितलं तर गाडीवाल्यानं वहीचं पान फाडून त्यावर "पेनड्राईव 64 जीबी 1 नग 180" लिहून दिलं. सरांनी ती कच्ची पावती किरकोळ खर्चात लावली आणि वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, चढवली, ते एका दृष्टीनं बरंच झालं. किंवा नाही झालं.

दुकानात त्यावर प्रणाली टाकली. चिपला आणि रॅमला जुळणारी हार्डवेअरच्या वर्णनाची फाइल त्याच पेनड्राइव्हवरच्या फोल्डरमधून बाहेर काढून ठरलेल्या नावानं ठेवावी लागते, तीही ठेवली. गावात जाऊन लावला. लोगो आला. पहिल्या वेळी प्रणाली उरलेली सगळी जागा आपल्या ताब्यात घेते आणि बॉक्स एकदा बंद होऊन परत सुरू होतो. तसा तो झाला आणि लोगोवरच थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मामांनी चहा आणला तरी लोगोच.

पहिला संशय ॲडॉप्टरवर. बॉक्सचा ॲडॉप्टर 5 व्होल्ट 2 ॲम्पिअरचा, त्यावरच हार्ड डिस्क फिरते, आणि फिरायला लागताना ती एकदम जास्त करंट ओढते. हार्ड डिस्क काढून पाहिली, फरक नाही. परत लातूर.

रात्री दुकानात एच2टेस्टडब्ल्यू लावलं. हे विंडोजवरचं लहानसं फुकट साधन. पेनड्राइव्हवर ठरावीक नमुन्याच्या एकेक जीबीच्या फाइली जागा संपेपर्यंत लिहितं आणि मग परत वाचून ताडून पाहतं. लिनक्सवर एफ3 तेच काम करतं. लिहिण्याचा वेग सेकंदाला पाच मेगाबाइटच्या खालीच घुटमळत होता, म्हणजे नुसतं लिहायलाच साडेतीन तासांवर. शटर अर्धं ओढून चालू ठेवून घरी गेलो. सकाळी पडद्यावर लाल अक्षरं. सात जीबीच्या थोडं पुढंपर्यंत सगळं बरोबर, त्यानंतरचं सगळं हरवलेलं.

असा खोटा पेनड्राइव्ह म्हणजे आत लहान चिप आणि तिचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलरला शिकवलेलं खोटं. कॉम्प्युटरनं विचारलं की तो 64 सांगतो. विंडोजला 64 जीबी नेहमीच एकोणसाठ-साठ दिसतात, कारण कंपन्या हजारानं मोजतात आणि विंडोज 1024 नं. त्यामुळं तिथंही शंका येत नाही. खऱ्या जागेच्या पुढं लिहिलेलं एकतर हवेत जातं किंवा फिरून सुरुवातीच्या जागेवरच येऊन बसतं.

आणि इथं माझ्या हिशोबातलं भोक. फिल्मा भरल्या असत्या तर सात जीबी संपेपर्यंत तो गोड चालला असता. पण प्रणालीनं पहिल्याच वेळी सगळी 64 जीबी आपली समजून हद्द वाढवली, आणि लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे याचा हिशोब ठेवणारी व्यवस्था, आपल्या नोंदी एका कोपऱ्यात ठेवत नाही, मिळालेल्या सगळ्या जागेत पसरवते. त्यातल्या बहुतेक नोंदी नसलेल्या जागेत गेल्या. म्हणून दोन जीबीचं काम असूनही सात जीबीचा खोटा पेनड्राइव्ह दुसऱ्याच सुरुवातीला बसला.

सात जीबीचीच हद्द आखून तो वापरता आला असता, तो मोह अर्धा दिवस झाला. पण ज्यानं चिपच्या आकाराबद्दल खोटं सांगितलं त्यानं चिप कुठून उचलली असेल, हा प्रश्न राहतोच. हातगाडीवाला परत घ्यायला तयार नव्हता. "विंडोजमध्ये बगा की, चौसष्टच दिसतंय," असं म्हणून त्यानं मलाच पटवायला घेतलं.

दुसरा निर्णय: रीडर आणि जुनं कार्ड

शिबिराला नऊ दिवस राहिले होते. 50 रुपयांचा नखाएवढा कार्ड रीडर घेतला, या वेळी पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून. माझ्या दुकानाच्या खणात ग्राहकांनी टाकून दिलेली कार्डं असतातच. त्यातलं 8 जीबीचं, कंपनीचं, क्लास 4 असं काढलं. क्लास 4 म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान 4 मेगाबाइट. तपासून पाहिलं, पूर्ण 8 जीबी खरं निघालं.

चाललं. पोस्टरं एकेक करून, पत्ते वाटावेत तशी यायची, पण एकदा फिल्म लागली की अडचण नाही. सर खूश, मी खूश. रीडर इतका लहान की कार्ड त्यात जेमतेम धरून राहायचं. सहाव्या दिवशी फोन आला, परत जाहिराती. मामांनी बोटानं दाबलं, सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मामांनी सरळ कागदाची घडी करून गज आणि रीडरच्या मध्ये ठोकली, आणि खरं सांगायचं तर त्या आठवड्यातली ती सगळ्यात टिकाऊ दुरुस्ती होती.

आठव्या दिवशी, शिबिराच्या दोन दिवस आधी संध्याकाळी, वीज गेली. आली तेव्हा कोडी सुरू झालं पण काही लक्षात ठेवेना. भाषा बदलली तर पुढच्या वेळी जुनी. फिल्म अर्धी पाहिली तर पुढच्या वेळी पहिल्यापासून. कार्ड फक्त वाचायला उरलं होतं, लिहून घेत नव्हतं. म्हातारी कार्डं अशी जातात. आतल्या जागा झिजल्या की कार्ड स्वतःला कुलूप घालून घेतं, म्हणजे निदान असलेला डेटा हाती लागतो. कार्डाच्या सज्जनपणाबद्दल तक्रार नाही, पण ते किती वर्षं कुणाच्या मोबाइलमध्ये राबलं होतं हे मला ठाऊक नव्हतं आणि मी ते शिबिराच्या भरवशावर लावलं होतं. खणातलं दुसरं कार्ड काढणं म्हणजे तोच डाव पुन्हा खेळणं.

तिसरा निर्णय

1 मे. झेंडावंदन उरकून सर थेट लातूरला आले. आम्ही दोघं गोलाईत फिरलो. हातगाड्या सोडून या वेळी जुनी स्टेशनरीची दुकानं पाहिली, तिथं पडून राहिलेला माल असतो. चौथ्या दुकानात काचेच्या कपाटात खालच्या बाजूला कंपनीचा, यूएसबी 2.0 चा, नखाएवढा 16 जीबी मिळाला. 330 रुपये, पक्कं बिल, पाच वर्षांची वॉरंटी. विकत घेणारा कुणी राहिला नाही म्हणून दुकानदारानं तो दहा वेळा पुसून परत ठेवला असावा. खोक्यावर धूळ नव्हती पण ऊन लागून रंग उडाला होता.

सर म्हणाले, "64 चा 180 ला, अन् 16 चा 330 ला. समितीत काय सांगू?"

मी म्हटलं, "सर, तो 7 चा 180 ला होता."

गावाला निघायच्या आधी दुकानात तपासणी, पन्नास मिनिटं. पूर्ण खरा. मग प्रणाली टाकली, जुन्या पेनड्राइव्हवरून वाचवलेल्या सेटिंग्ज घातल्या. रात्री नऊला बॉक्सला लावला तेव्हा तो भोकाबाहेर जेमतेम अर्धा पेर होता. खर्च 180, 50 आणि 330, एकूण 560. वरचे 60 मी घेतले नाहीत.

शिबिर झालं. पण तिसऱ्या दिवशी दुपारी, फिल्मांची यादी नव्यानं भरत असताना, वीज गेली. परत आल्यावर कोडी सुरू, यादी रिकामी. फिल्मा हार्ड डिस्कवर जशाच्या तशा, पण डेटाबेस लिहिता लिहिता मध्येच तुटलेला. या वेळी मी आदल्या रात्री प्रणालीच्या सेटिंगमधूनच पूर्ण बॅकअप घेऊन तो हार्ड डिस्कवर ठेवला होता, म्हणून सरांनी फोनवर ऐकत ऐकत स्वतः परत आणला. वीस मिनिटं लागली. पेनड्राइव्ह चांगला असला तरी वीज जाण्यावर तो काही करू शकत नाही, हे दप्तरानं तो मोडला त्या दिवशीच सुचायला हवं होतं. कारण त्या पोराच्या पेनड्राइव्हवरही अशाच तुटलेल्या डेटाबेसच्या तीन प्रती मला दिसल्या होत्या. पाहिल्या आणि पुढं गेलो.

नंतर गावातल्या एका किराणावाल्यानं राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस दिला, 5 व्होल्टचा. आता वीज गेली की टीव्ही काळा होतो पण बॉक्सचा निळा दिवा लागलेला राहतो. मामा रिमोटनं आंधळेपणानं बॉक्स बंद करतात. तीन वेळा खाली, एकदा ओके, असं त्यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.

निकाल

सव्वा वर्ष झालं, तोच 16 जीबी चालू आहे. मे महिन्यात पत्र्याखाली तो हाताला चटका बसेल इतका तापतो, कारण एवढ्याशा अंगाला उष्णता टाकायला जागाच नाही. लहान पेनड्राइव्हचं हे दुखणं आहेच. दुपारी बारा ते चार कपाटाचं दार उघडं ठेवायला सांगितलंय, चोरीची भीती रात्रीची असते. एकदा एका मुलानं नखानं उपसून काढला होता, तो रुमालात बांधलेला सापडला.

जादाची प्रत करून ठेवायला गेलो तेव्हा आणखी एक गंमत कळली. दुसऱ्या कंपनीचा 16 जीबी घेतला, आणि पहिल्याची हुबेहूब नक्कल त्यावर मावेना. दोन्ही खोक्यांवर 16, पण दुसरा काही मेगाबाइटनं लहान. शेवटी नक्कल न करता नवीन प्रणाली टाकून वर बॅकअप ओतला. तो नेहमीच्या लांबीचा पेनड्राइव्ह पाकिटात घालून सरांच्या कपाटात आहे.

आज करायचं झालं तर

पहिलं म्हणजे ते 28 मिलीमीटर. मी तेवढ्या अंतरात मावणारा पेनड्राइव्ह शोधत तीन आठवडे फिरलो. शिबिराच्या शेवटच्या दिवशी, सामान आवरताना, हार्ड डिस्क उचलली तेव्हा हातात तिची केबल आली. हातभर लांब. हार्ड डिस्क काही त्या 28 मिलीमीटरात बसलेली नव्हती. ती केबलनं टीव्हीच्या मागं, गजांपासून लांब, आरामात पडलेली होती. त्याच मापाची, 50-60 रुपयांना मिळणारी यूएसबी एक्स्टेंशन घेतली असती तर कुठल्याही लांबीचा पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागं टांगता आला असता. सरांच्या टेबलाच्या खणात एका प्रशिक्षणात मिळालेला, कंपनीचा, 16 जीबीचा, कधीही न वापरलेला पेनड्राइव्ह होता. मी त्यांना कधी विचारलंच नाही, कारण तो लांब होता. एक्स्टेंशन आखूड आणि जाडसर घ्यावी लागते, लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, एवढीच काळजी.

हातगाडीवरचा घेतला यापेक्षा तो न तपासता गावात नेला, ही चूक मला जास्त लागते. एक रात्र तपासायला दिली असती तर एक फेरी आणि मामांचा चहा वाचला असता. पक्क्या बिलाची सरांची अट मला तेव्हा कटकट वाटली होती. तीच पाळली असती तर तो घेताच आला नसता.

रीडर आणि कार्डाचा निर्णय मात्र मी पुन्हाही घेईन, फक्त नवीन कार्डासह आणि रीडरला एक टाका चिकटपट्टीचा लावून. पैशाला सगळ्यात स्वस्त तोच होता आणि खराब झाला तर फक्त कार्ड बदलायचं.

तो 64 जीबी अजून वाचनालयाच्या कपाटात आहे. जडसंग्रह नोंदवहीत चढलेली वस्तू नुसती फेकता येत नाही, समितीच्या ठरावानं निर्लेखित करावी लागते. सरांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो सहावा विषय म्हणून घेतलाय. वर्णनाच्या रकान्यात आधीचं "64 जीबी" खोडायला लेखापरीक्षक परवानगी देत नाहीत, म्हणून त्यापुढं लाल शाईनं कंस करून त्यांनी "प्रत्यक्षात 7" लिहिलंय.